अप्पांच्या काळजाची भिंत

फोन आला तेव्हा माझ्या हातात प्रोब होता. टेबलावर भोकरकडच्या एक आजी डाव्या कुशीवर निजल्या होत्या, खोलीत नेहमीचा अंधार होता, पडद्यावर त्यांचं हृदय शांतपणे उघडमीट करत होतं आणि शेजारच्या स्टुलावर ठेवलेला मोबाइल थरथरत, सरकत सरकत पार कडेला आला. नाव दिसलं, शिवराज. शिवराज म्हणजे मन्मथअप्पांचा मुलगा, लातूरला असतो. माझ्या कामाच्या वेळेत तो कधीच फोन करत नाही. मी आजींची तपासणी पुरी केली, छातीवरचं जेल पुसायला कागद दिला, त्यांच्या सुनेला रिपोर्ट समजावून सांगितला आणि मगच फोन लावला. खरं सांगते, मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच त्या आजींना मी दहा मिनिटं जास्त दिली. तेवढी दहा मिनिटं माझ्यापुरते अप्पा होते... शिवराज म्हणाला, "ताई, अप्पा गेले. जेवले, खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला, चहाला उठवायला गेलो तर..." 

अप्पांना लातूरहून गावी, अहमदपूरला नेणार होते, म्हणून नांदेडहून तिकडे गाडी घेऊन निघाले, पण रस्ता कसा सरला ते आठवत नाही. लोहा कधी मागे पडलं कळलं नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं आणि दुपारच्या उन्हात सगळं शिवार झोपेत असल्यासारखं दिसत होतं. अप्पा लिंगायत, त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच निरोप दिला. मांडी घातलेले, कपाळावर भस्म, मान किंचित डावीकडे कललेली. मी त्यांना आयुष्यभर असंच बसलेलं पाहिलं होतं, दुकानाच्या गादीवर. त्यामुळे मला काही केल्या पटेना की आता हे उठून "माय, कवा आलीस?" म्हणायचे नाहीत. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. अजून पटलेलं नाही. अधूनमधून दुपारी, दोन पेशंटच्या मधे, त्या अंधाऱ्या खोलीत डोळा लागतो आणि अप्पांच्या दुकानातला अंबाडीचा वास येतो. जागी होते तर जेलचा वास. दोन्ही वास काही वेळ नाकात एकमेकांत मिसळून राहतात.

दुकान दोरखंडाचं. अहमदपूरच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, पुढून अरुंद आणि आत लांबच लांब. दावी, कासरे, वेसणी, बैलांच्या घुंगरमाळा, सगळं छताला टांगलेलं. वारा आला की कुठलीतरी एखादी माळ वाजायची, बाकीच्या गप्प. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे आणि आम्ही अप्पांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. घरात आम्ही चार भावंडं आणि अखंड कलकल, म्हणून मी अभ्यासाला दुकानात जायची. दोरांच्या वेटोळ्यावर बसून मी पाढे पाठ केले, तिथेच आडवी होऊन बेडकाच्या हृदयाचं चित्र काढलं. अप्पा मधेच वही बघायचे आणि म्हणायचे, "हे बेडकाचं काळीज हाय का वांगं?" त्यांना सगळं हातानं कळायचं. गिऱ्हाइकानं दोर दाखवला की अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरून डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा खोंडाला चालंल, बैलाला न्हाई. पट्टी नाही, माप नाही. जाड तो टिकणार, पातळ तो तुटणार, हा त्यांचा सगळा हिशेब आणि चाळीस-पन्नास वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अप्पांच्या अडाणीपणामुळे झालं असं कुणाला वाटायला नको. अप्पा अडाणी नव्हतेच. ते त्यांच्या धंद्यात पक्के होते आणि मी माझ्या धंद्यात कच्ची निघाले.

नांदेडला मेडिकलला नंबर लागला तेव्हा माझी लोखंडी ट्रंक अप्पांनी बांधून दिली. एसटीच्या टपावर टाकायची होती. सुती दोर चारी बाजूंनी फिरवला, वर एक गाठ मारली आणि मला म्हणाले, "आता सोड." मी नखं तुटेपर्यंत ओढलं, गाठ आणखीच आवळली. काकू, म्हणजे गंगाकाकू, अप्पांच्या बायको, दारात उभ्या राहून हसत होत्या. अप्पांनी एक बारकं टोक दाखवलं, ते चिमटीत धरून जरासं ओढलं आणि गाठ फुलासारखी उकलली. "आवळायला कुणालाबी येतंय माय. सुटायला आलं पाहिजे. न सुटणारी गाठ म्हणजे काय गाठ हाय का?" होस्टेलवर गेल्यावर मैत्रिणी कात्री घेऊन आल्या आणि मी ऐटीत ते टोक ओढलं. घराची आठवण येऊन रडायला आलं ते त्यानंतर, दोर हातात घेऊन बसले तेव्हा.

मग वर्षं गेली. लग्न झालं, वरचं शिक्षण झालं, नांदेडलाच जम बसला आणि माझ्या वाट्याला ही अंधारी खोली आली. दिवसभर लोकांच्या छातीत डोकवायचं. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी दार ढकलून अप्पा आत आले, पांढरं धोतर, पांढरा सदरा, मागे काकू. डोकं जड पडतंय म्हणून गावातल्या डॉक्टरनं बीपी मोजलं होतं आणि घाबरून इकडे पिटाळलं होतं. मी मोजलं, वरचं दोनशेच्या आसपास. मी म्हटलं, अप्पा, आता तुमचं काळीज बघू. सदरा काढा म्हटलं आणि तिथे पहिली अडचण आली. गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, नेमकं जिथे मला प्रोब ठेवायचा तिथे लोंबणारं. ते अंगावेगळं करायचं नाही, त्यांच्या लहानपणापासून ते एकदाही केलेलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत अप्पांनीच तोड काढली. डबी उचलून डाव्या मुठीत धरली, तो हात उशाशी घेतला आणि कुशीवर वळले. "हां, आता बघ." तेव्हापासून दरवर्षी तसंच.

अप्पांनी आपलं हृदय पहिल्यांदा पाहिलं तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पेशंट सहसा पडद्याकडे बघून घाबरतात. अप्पा हरखले. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या आणि अप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. मी आवाज सुरू केला. रक्त झडपेतून जाताना मशीन जो आवाज देतं तो, घुसळ-घुसळ. "शैलू, आत कोण ताक करून राहिलंय गं?" मला इतकं हसू आलं की प्रोब हलला. मग मी हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत मोजली. भिंतीच्या एका काठावर एक फुली ठेवायची, दुसऱ्या काठावर दुसरी आणि मधलं अंतर मशीन सांगतं. रक्तदाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की त्या दाबाविरुद्ध जोर लावून लावून हृदयाचा स्नायू जाड होत जातो. दहा-अकरा मिलिमीटरच्या आत असायला हवं, अप्पांचं चौदा आलं. मी म्हटलं, "अप्पा, भिंत जाड झाली आहे. गोळी सुरू करायची, रोज घ्यायची, चुकवायची नाही." अप्पांनी अंगठा आणि बोट किंचित फाकवून मला दाखवलं, एवढी? मी म्हटलं एवढी. "हाव," म्हणाले. एवढ्यावर ते निघून गेले आणि तेवढ्यावरच मी थांबले. बाहेर पेशंट खोळंबले होते ना.

वर्षभर त्यांनी गोळी चुकवली नाही. काकू साक्षीला होत्या. दुसऱ्या वर्षी आले ते हसतमुख, बीपी एकदम छान. मी पुन्हा मोजलं आणि पडद्यावर तेरा आलं. मला काय झालं कुणास ठाऊक. त्या आठवड्यात माझे दोन पेशंट गेले होते, दोघेही तरणे, दोघांनीही गोळ्या मधेच सोडलेल्या. काहीतरी चांगलं घडायला मी आसुसले होते आणि घडलं तेही अप्पांच्या छातीत! मी लहान पोरीसारखी ओरडले, "अप्पा, भिंत पातळ झाली! चौदाची तेरा झाली!" बाहेरून सिस्टरला बोलावलं, पेढे आणायला सांगितले. अप्पा म्हणाले, "पातळ झाली?" "हो!" "गोळीनं?" "गोळीनंच की!" ते उठून बसले. छातीवरचं जेल बराच वेळ पुसत राहिले, सदऱ्याची बटणं हळूहळू लावली. पेढा हातात घेतला आणि तसाच रुमालात बांधला. मला वाटलं, भरून आलंय त्यांना. माझंही आलं होतं.

त्यानंतर गोष्टी उलट्या फिरल्या. तिसऱ्या वर्षी बीपी छान आणि भिंत पुन्हा चौदा. मी चाचरत सांगितलं तर अप्पा म्हणाले, "आली का परत? बरं झालं." मला वाटलं, माझी समजूत घालून राहिलेत. चौथ्या वर्षी पंधरा आणि हृदयाचा वरचा कप्पाही फुगत चाललेला. जिना चढताना दम लागायला लागला होता. बीपी मात्र दर खेपेला सरळ. माझं डोकं चालेना. दाब ताब्यात असताना भिंत वाढते म्हणजे हा दुसराच कुठला आजार असणार, स्नायूतच काही साठत असणार, असं मनात घेऊन मी रात्रंदिवस पुस्तकं चाळली आणि त्यांना हृदयाच्या एमआरआयसाठी हैदराबादला पाठवलं. शिवराज घेऊन गेला. तिथे त्यांनी सांगितलं, अंगावर धातूचं काही चालणार नाही, डबी काढून ठेवा. अप्पा त्या टेबलावरून उतरले ते थेट घरी. मी फोनवर वैतागले तर म्हणाले, "माझं काळीज बघायला माझ्या काळजावरचं लिंग काढू व्हय? तू बघतीस ना, तेवढं बास हाय." मी फोन ठेवला आणि स्वतःशीच चडफडत राहिले.

उलगडा झाला तो एका लग्नाच्या निमित्तानं. अहमदपूरला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या आणि जेवणाच्या पंगतीत न बसता मी सरळ दुकानात गेले. कुणालाही सांगितलं नव्हतं. अप्पा गादीवर, समोर दोन-तीन गिऱ्हाइकं, आतून घुंगरमाळेचा आवाज. गाडीत बीपीचं मशीन असतंच, ते आणलं आणि "हात द्या" म्हटलं. अप्पा का कोण जाणे, हात मागे घ्यायला लागले. "आज कशाला? म्होरच्या महिन्यात येणारच हाय की नांदेडला." मी हात धरलाच. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे दहा. पुन्हा मोजलं, तेच. मग गादीखालचा लाकडी कप्पा त्यांनी स्वतःच ओढला. आत गोळ्यांच्या पट्ट्यांची चळत, न फोडलेली, नीट रबर लावून ठेवलेली.

मी तिथे जो आरडाओरडा केला त्याची आज लाज वाटते. त्यांचे पांढरे केस, समोर गिऱ्हाइकं, मी कसलाच मुलाहिजा ठेवला नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग गिऱ्हाइकांना म्हणाले, "पोरगी हाय माझी, तुमी उद्या या." दुकान रिकामं झाल्यावर हळू आवाजात बोलले, "तूच म्हणलीस ना माय, गोळीनं पातळ झाली म्हणून. मला वाटलं, एका वरसात एवढी झिजली, आनखी चार वरसं खाल्ली तर ऱ्हाईल काय? पातळ झालेला दोर मी कुणाला इकत न्हाई अन् काळजात तसाच ठिवू?" मी म्हटलं, मग मला विचारायचं नाही का? आणि दर वर्षी बीपी नीट कसं यायचं? तर म्हणाले, "तू लई खुश झाल्तीस त्या दिवशी. पेढे आनलेस. तुझं मन मोडावं वाटंना. म्हणून यायच्या आधी आठ-पंधरा दिस खात व्हतो गोळी. तुझ्यासाठी..." माझ्या समाधानासाठी खाल्लेल्या गोळ्या माझ्या बीपीच्या मशीनला फसवत होत्या आणि त्या भिंतीला मात्र फसवता येत नव्हतं. ती बाकीचे सगळे दिवस जशी होती तशी दाखवत होती. आणि मी शहाणी, हैदराबादचे आजार धुंडाळत बसले होते.

आत कोपऱ्यात मोटेचा एक जुना नाडा टांगलेला होता, मनगटाएवढा जाड. विहिरीवरच्या मोटा जाऊन किती वर्षं झाली, पण अप्पांनी तो मोडीत काढला नव्हता. मी तो खाली काढला, त्यांच्यापुढे टाकला आणि म्हटलं, "अप्पा, एवढा जाड आहे. मारा गाठ." त्यांनी वाकवून बघितला. दोन्ही हातांनी, मग गुडघ्याखाली धरून. नाडा वाकेना. "वाळून काठी झालाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं काळीज असंच जाड झालंय. आवळतंय जोरात, पण सैल होत नाही. सैल झाल्याशिवाय रक्त आत कसं येणार? म्हणून दम लागतोय तुम्हाला." अप्पा नाड्यावरून हात फिरवत राहिले. कितीतरी वेळ. बाहेर मोंढ्यात हमालांची ओरड चालली होती, पण ती फार लांबून आल्यासारखी वाटत होती. मग त्यांनी मान वर केली आणि राग नाही, काही नाही, नुसतं विचारलं, "मग कडक झालं म्हणायचं व्हतं की माय. जाड कामून म्हणलीस?" एवढी वर्षं शिकले, एवढ्या लोकांना तपासलं, आणि तो एक शब्द मला सुचला नव्हता.

त्यानंतरची चार-साडेचार वर्षं अप्पांनी एक गोळी चुकवली नाही. शिवपूजा आटोपली की काकू पाण्याच्या तांब्याबरोबर गोळी पुढे ठेवायच्या. पण उशीर झाला होता. भिंत पंधरावर थांबली ती थांबलीच. एकदा छातीत पाणी झालं, लातूरला आठ दिवस दवाखान्यात राहिले आणि मग शिवराजनं त्यांना तिथेच ठेवून घेतलं. दुकान बंद झालं. शेवटचे भेटले ते उन्हाळ्यात, शिवराजच्या गच्चीवर. संध्याकाळ पडत होती, चटईवर शेवया वाळत होत्या आणि अप्पा पाय लांब करून टेकून बसले होते. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा, जागे व्हायचे आणि मधल्या वेळात आपण कुठेतरी जाऊन आलो असं सांगायचे. एकदा म्हणाले, बारदान्यात झोपलो व्हतो, तुझ्या बापानं उठवलं. माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हटलं, काय म्हणाले? "म्हणले, शैलूचा अभ्यास झाला का बघा." आम्ही दोघेही हसलो. मी निघताना त्यांनी माझा हात त्यांच्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "लई डोकं खाल्लं मी तुझं. सोड आता." मला सोडता आलं नाही, मी तशीच बसून राहिले अंधार पडेपर्यंत.

अप्पा गेल्यावर तीनेक आठवड्यांनी मशीनची साठवण भरली. जुन्या तपासण्या दुसरीकडे हलवायच्या होत्या. यादी खाली सरकवता सरकवता अप्पांचं नाव आलं. एकाखाली एक, सगळी वर्षं. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हते. मी खोलीचं दार लोटलं आणि दुसऱ्या वर्षीची तपासणी उघडली, पेढ्यांच्या वर्षाची. हृदय चालायला लागलं. मशीन दोन-तीन ठोके टिपून ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरवतं, त्याला शेवट नाही. मी किती वेळ बघत बसले माहीत नाही. मग, का ते सांगता येत नाही, मी ठोका थांबवला आणि भिंत नव्यानं मोजली. चौदा. म्हटलं, चूक झाली असेल. दुसरा ठोका घेतला. चौदा. पहिल्या वर्षीचं चित्र शेजारी लावलं. दोन्हीकडे भिंत सारखी, तंतोतंत सारखी. मग मी त्या दिवशीच्या माझ्या फुल्या बघितल्या. खालची फुली काठावर नव्हतीच. केसभर आत होती. पडद्यावरचा काठ काही आखलेली रेघ नसते, धुरकट असतो, हलता असतो, त्यामुळे एका मिलिमीटरचा फरक नुसत्या हातानंसुद्धा पडतो. हे मी शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते. एक मिलिमीटरवर हसू नका, रडू नका. आणि मी हसले होते. मला पातळ झालेली हवी होती म्हणून मी फुली आत ठेवली. अप्पांची भिंत पातळ झालीच नव्हती. जे झालं नव्हतं ते मी ओरडून सांगितलं आणि त्याला घाबरून त्यांनी गोळी सोडली.

दोन दिवस मी तीच भिंत पुन्हा पुन्हा मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं मोबाइलवर घेतली आणि अहमदपूरला गेले. काकू आता परत तिथेच राहायला आल्या आहेत, लातूरला करमेना म्हणतात. माजघरात जोंधळे निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, काही हातचं न राखता. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे पातळ झालंच नव्हतं?" "नव्हतं काकू. माझी चूक." मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे बाई, तुझा काय दोष. तशा त्या मायाळू. पण काकू म्हणाल्या, "त्या दिशी नांदेडहून आले अन् जेवले न्हाईत. मला म्हणले, गंगे, शिवराजला बोलावून घे, समदं समजावून सांगाया पायजे. आता लई दिस न्हाईत माझे." मी मान खाली घातली. ज्या दिवशी मी पेढे वाटले त्या दिवशी तो माणूस मरायची तयारी करत होता, आणि पुढची तीन वर्षं ते पोटात ठेवून दर वर्षी माझ्यापुढे हसत येत होता. मला रडू आलं. काकूंनी रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही, मला तो मागायचाही नव्हता.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "अन् ते चित्र कुठं हाय?" मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला. पडद्यावर झडप उघडत होती, मिटत होती, भिंत आवळत होती, सैल होत होती. "हे हलतंय की गं." मी म्हटलं, हो. "हे त्यांचंच? तवाचं?" त्याच दिवसाचं, मी म्हटलं. काकूंनी मोबाइल माझ्या हातून घेतला आणि मांडीवर, पदराच्या आडोशाला धरला, उजेडानं चित्र पुसट दिसू नये म्हणून. बाहेर कुणीतरी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मला निघायचं होतं, नांदेडला पेशंट थांबले होते. मी हळूच हात पुढे केला तर म्हणाल्या, "बंद नको करू." मी पुन्हा बसले. थोड्या थोड्या वेळानं मोबाइल मालवायला लागायचा आणि काकू घाईनं बोट लावून तो जागा करायच्या.